पर्सेंटाइलवर बॅचेस पाडू नका

पत्र:

"मी नवी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. पहिल्या सेमिस्टरचा 'अभियांत्रिकीची ओळख' हा नवा विषय यंदा माझ्याकडे आलाय. आठवड्याला एक लेक्चर आणि दोन तासांचं प्रॅक्टिकल, सगळ्या शाखांची मुलं एकत्र. खारघरच्या सीबीएसई शाळांतली मुलं आहेत, जव्हार-मोखाड्याकडून मराठी माध्यमातून आलेली आहेत, उरण-पनवेलच्या गावांतली आहेत, बारावीला इलेक्ट्रॉनिक्स घेतलेली आहेत, शिष्यवृत्तीवर काश्मीरहून आलेली दोघं आहेत. मागच्या वर्षी आर्डुइनोचा (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाचा) प्रोजेक्ट दिला होता. प्रत्येक ग्रुपमध्ये एकानंच सगळं केलं, मुलींनी रिपोर्ट आणि पीपीटी केलं, बाकीचे बघत बसले. एलईडीला रेझिस्टर का लावतात, हे व्हायवात निम्म्यांना सांगता आलं नाही. आता एचओडी (विभागप्रमुख) सर म्हणतात, सीईटीच्या पर्सेंटाइलवर दोन बॅच करा आणि कच्च्यांना ब्रिज कोर्स, म्हणजे पाया भरून काढणारा जादा वर्ग, द्या. मला पटत नाही, पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाही. आणि लेव्हल खाली आणली असंही कुणी म्हणायला नको. सुरुवात कुठून करू?"
– एफईची (इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची) एक प्राध्यापिका

मॅडम,

तुम्हाला पटत नाही, ते न पटण्यासारखंच आहे. ठरलेल्या वेळात चारातला बरोबर पर्याय निवडायचा सराव किती झालाय, एवढंच सीईटीचा पर्सेंटाइल सांगतो. तो सराव कामाचा आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण तुमच्या प्रॅक्टिकलमध्ये मुलं काय करू शकतील, याचा त्यातून फारच थोडा अंदाज येतो. अकरावी-बारावीची दोन वर्षं 'इंटिग्रेटेड' क्लासमध्ये काढलेली कितीतरी मुलं आता एफईला येतात. ज्युनिअर कॉलेजात नाव असतं, जर्नल शेवटच्या महिन्यात कुणाचं तरी बघून पूर्ण केलेलं असतं. अशा एखाद्या ९८ पर्सेंटाइलच्या मुलाच्या हातात स्क्रू गेज (तारेची जाडी मोजायचं साधन) द्या. शून्य त्रुटीचं सूत्र तो घडाघडा सांगेल, पण मापताना रॅचेट (दाब बेताचा ठेवणारं टोक) सोडून थिंबल (मोठी फिरती नळी) आवळत बसेल. आणि घरच्या पंपाचा स्टार्टर उघडून बघितलेली मुलगी ६० पर्सेंटाइल पडले म्हणून 'कच्च्यां'च्या बॅचमध्ये जाईल. एचओडी सरांना हे उदाहरण सांगाच. शक्य असेल तर पहिल्या आठवड्यात चार-पाच मुलांच्या हातात स्क्रू गेज देऊन सरांना बोलावून दाखवा. एफईला शिकवलेल्या माणसाला हे दृश्य अनोळखी नसतं.

तुमच्या वर्गात वरची पातळी आणि खालची पातळी असे दोन थर नाहीत. आठ-दहा तऱ्हांचे अनुभव आहेत. आपण विषय आखतो तेव्हा त्यातला एकच अनुभव सगळ्यांना असेल असं मनाशी धरून चालतो आणि ते कुणाला सांगतही नाही. माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीभोवती आहे: विषय आखताना तुम्ही न बोलता काय काय गृहीत धरताय ते आधी शोधून काढा, आणि ते सगळं वर्गात उघडपणे, सगळ्यांना शिकवा.

ब्रेडबोर्डचंच बघा, म्हणजे भोकांत पाय खोचून सर्किट जोडायच्या पाटीचं. वरून सगळी भोकं सारखीच दिसतात. मधल्या भागात पाच-पाच भोकांची ओळ आतून एकाच धातूच्या पट्टीला जोडलेली असते. मधली खाच दोन बाजू वेगळ्या करते. कडेची लाल-निळ्या रेषांची भोकं मात्र लांबीच्या दिशेनं जोडलेली, आणि मोठ्या बोर्डांवर ती जोडणीसुद्धा कधी कधी मध्येच तुटलेली असते. हे ज्याला कुणी सांगितलेलं नाही, तो एलईडीचे दोन्ही पाय पाचाच्या एकाच ओळीत खोचतो. दोन्ही पाय एकाच पट्टीवर, मग एलईडी पेटणार कसा? पोरगं वायरी बदलून बघतं, सेल बदलून बघतं. शेजारच्याचा तेवढ्यात पेटलेला असतो. हे आपल्याला जमणारं नाही, असं मुलाचं मन तिथंच घेतं आणि पुढच्या तासाला ते मागच्या बाकावर सरकतं. मग आपण त्याला 'इंटरेस्ट नाही' म्हणतो.

यावरचा उपाय अर्ध्या तासाचा आहे. एखादा जुना बोर्ड घ्या, पाठीची चिकट पट्टी सोलून काढा आणि आतल्या क्लिपा सगळ्यांना हाताळू द्या. मग मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की बीप वाजते) ठेवून, बीप ऐकत, प्रत्येकानं आपल्या बोर्डाचा नकाशा वहीत काढायचा. ज्याला येतं त्यानंसुद्धा. ज्याला येतं असं वाटतं त्यालाही ती मध्येच तुटलेली रेष बरेचदा माहीत नसते. त्यानंतर एलईडी लावायचा, ५ व्होल्ट द्यायचे आणि रेझिस्टरच्या दोन टोकांवरचं व्होल्टेज मोजायचं. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट जातात, उरलेले ३ व्होल्ट २२० ओहमच्या रेझिस्टरवर पडतात, म्हणजे करंट १४ मिलिअँपिअरच्या आसपास. रेझिस्टर काढून टाकला तर हे ३ व्होल्ट जाणार कुठे, हा प्रश्न त्यावेळी विचारा. हातात मीटर असताना आलेलं उत्तर व्हायवापर्यंत टिकतं.

अशा गोष्टींची यादी तुम्हाला एकटीला करता येणार नाही, कारण ज्या आपल्या अंगवळणी पडल्यात त्या आपल्याला दिसत नाहीत. लॅब असिस्टंटला शेजारी बसवून करा. मुलं कुठं अडतात हे त्याला आपल्यापेक्षा नेमकं ठाऊक असतं. फाईल कुठे सेव्ह झाली ते न कळणं, झिप फोल्डरमधूनच प्रोग्रॅम उघडणं, दहाच्या घातातली संख्या कॅल्क्युलेटरवर चुकीची घालणं, ड्रॉइंगवरचे आकडे मिलिमीटरमध्ये असतात हे माहीत नसणं, सरांना मेल करताना विषयाच्या ओळीत काय लिहायचं ते न कळणं. यातल्या एकाही गोष्टीचा बुद्धीशी संबंध नाही. कुणाच्या तरी घरी, क्लासमध्ये किंवा शाळेत त्या सांगितल्या गेल्या, कुणाला सांगितल्या गेल्या नाहीत, एवढंच. पहिले चार आठवडे यांना द्या आणि त्या आठवड्यांना मार्क ठेवू नका. 'जमलं' किंवा 'परत करून दाखव' एवढीच नोंद, आणि परत करून दाखवायला कितीही वेळा मुभा.

आता ब्रिज कोर्सबद्दल. १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथं युरी ट्रीझमन यांनी एक प्रश्न धरला होता: कृष्णवर्णीय मुलं पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये मागे का पडतात? प्राध्यापकांकडे उत्तरं तयार होती. तयारी कच्ची, घरचं वातावरण नाही, ओढ नाही. ट्रीझमन यांनी मुलांच्या सोबत राहून बघितलं, तेव्हा ही मुलं मेहनत भरपूर करताना दिसली, पण एकेकटी. चिनी वंशाची मुलं एकत्र बसून गणितं सोडवत, एकमेकांची उत्तरं तपासत, आणि आपण अडलोय तिथं दुसराही अडलाय हे त्यांना कळत असे. मग ट्रीझमन यांनी सोप्या गणितांचा जादा वर्ग काढला नाही. नेहमीपेक्षा अवघड गणितं गटात बसून सोडवायची कार्यशाळा काढली, आणि त्या मुलांचे निकाल पालटले. मला यातलं 'अवघड' फार महत्त्वाचं वाटतं. 'कच्च्यांसाठी' असा शिक्का मारलेल्या वर्गात बसवलेलं मूल त्या शिक्क्याप्रमाणेच वागायला लागतं, आणि एफईला ते वय तसं असतंच.

बॅच वेगळ्या करून फायदा झाल्याचंही उदाहरण आहे, एचओडी सर ते काढतील म्हणून सांगते. कॅलिफोर्नियातल्या हार्वी मड कॉलेजनं प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या विषयात वेगळे वर्ग केले. पण ते मार्कांवर नव्हते. आधी प्रोग्रॅमिंग केलेली मुलं एका वर्गात, कधीच न केलेली दुसऱ्या वर्गात, आणि सेमिस्टर संपताना दोन्ही वर्ग पुढच्या एकाच विषयात बसू शकतील अशी आखणी. वर्गात सतत बोलून बाकीच्यांना दबवणाऱ्या मुलाला तिथले प्राध्यापक बाजूला घेत आणि तुझ्याशी बोलायला मला आवडतं, पण ते आपण वर्गाबाहेर बोलू, असं समजावत. या आणि अशाच आणखी काही बदलांनंतर तिथं कॉम्प्युटर सायन्स घेणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून काही वर्षांत ४० टक्क्यांच्या घरात गेलं. तुमच्याकडे शिक्षक एक आणि वर्ग एक असताना ही वाटणी झेपणार नाही. बाजूला घेऊन बोलणं मात्र उद्यापासून करता येईल, त्याला कुणाची मंजुरी लागत नाही.

आता प्रोजेक्ट. आर्डुइनो वाईट नाही, पण ज्याच्या घरी आधीच किट आहे तो पहिल्या दिवशीच जिंकतो. वर्गातल्या कुणालाच पूर्ण न येणारा आणि जवळपास प्रत्येकाला थोडा थोडा ठाऊक असलेला प्रश्न निवडा. नवी मुंबईत असा प्रश्न कॉलेजच्या दारात आहे.

या शहराचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून उभा राहिलाय. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी काही भागांपेक्षा वर असतं. त्याच वेळी मुसळधार पाऊस लागला तर नाल्यांचं पाणी जाणार कुठे? यासाठी सिडकोनं होल्डिंग पाँड, म्हणजे धारण तलाव, बांधले. वाशी, बेलापूर, ऐरोली अशा नोडमध्ये ते आहेत, आणि त्यांच्या काठावर संध्याकाळी फिरायला येणाऱ्या बहुतेकांना ते कशासाठी आहेत ते माहीत नसतं. पावसाचं पाणी तलावात जमतं. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये वरच्या कडेला बिजागरी असलेल्या झडपा असतात. भरती चढली की खाडीचं पाणी झडप दाबून बंद ठेवतं, ओहोटी लागली की आतलं पाणी तीच झडप ढकलून बाहेर पडतं. मोटार नाही, सेन्सर नाही, स्विच दाबायला माणूस नाही.

पेण, अलिबाग, उरण या बाजूच्या खारभूमीत हीच सोय पूर्वापार आहे. खारबांधात उघाडी ठेवतात, शेतातलं गोडं पाणी ओहोटीला बाहेर जातं, भरतीचं खारं पाणी आत येत नाही. तुमच्या उरणच्या मुलानं ती चालताना बघितलेली असण्याची शक्यता दाट आहे. दिवाळ्याच्या कोळीवाड्यातली एखादी मुलगी वर्गात असेल तर उधाणाची भरती आणि भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमी चढणारी, भरती यांत पाण्याची उंची केवढी बदलते ते तिला विचारावं लागणार नाही, ती आपणहून सांगेल. किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशोबही आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. मुलांना एका महिन्याच्या तिथ्या द्या, या हिशोबानं वेळा काढायला लावा आणि मुंबईच्या छापील भरतीच्या वेळापत्रकाशी ताडून फरकाचा आलेख काढायला सांगा. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते आणि पाऊणपटीचा हिशोब ४५ मिनिटं धरतो, हे त्यांचं त्यांना सापडेल. मग विचारा, एवढी चूक मासेमारीला चालेल का? झडपेच्या आखणीला चालेल का? अंदाजी सूत्र कधी पुरतं आणि कधी पुरत नाही, हे यापेक्षा चांगल्या रीतीनं पहिल्या सेमिस्टरला शिकवता येईल असं मला वाटत नाही.

मॉडेल साधं ठेवा. पारदर्शक प्लॅस्टिकचा मोठा डबा, मध्ये पडदी, पडदीला चौकोनी भोक, त्यावर खाडीच्या बाजूनं टांगलेली ॲक्रिलिकची झडप. एका बाजूला खाडी, एका बाजूला तलाव, मगानं पाणी घालायचं-काढायचं. दोन्हीकडच्या पातळीत किती मिलिमीटर फरक पडला की झडप उघडते ते मोजायचं. जड झडप, हलकी झडप, मोठं भोक, लहान भोक. बिजागरी कापडी चिकटपट्टीची करून बघायची, लोखंडाची करून बघायची आणि ती आठवडाभर मिठाच्या पाण्यात ठेवून तिचं काय होतं ते बघायचं. मग झडपेत प्लॅस्टिकची पिशवी अडकवायची, गाळ टाकायचा. इथं सगळ्या गटांची झडप गळायला लागते आणि खरा विषय सुरू होतो. ज्यांना इलेक्ट्रॉनिक्स येतं त्यांनी शेवटच्या टप्प्यात पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर लावावा, पण झडप चालल्यानंतरच. आणि एक तास वादासाठी राखून ठेवा. या तलावांत गाळ साचलाय, खारफुटी वाढलीय, खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, पाऊस तर दर वर्षी येणार. गाळ काढायचा की नाही, काढायचा तर कसा? सिव्हिलची मुलंच बोलतील असं नाही. बघा, कोण कोण बोलतं ते.

एक सांभाळा. 'तू गावाकडचा ना, तू सांग' असं कुणालाही उभं करू नका. काश्मीरच्या मुलांना पुराबद्दल, जव्हारच्या मुलीला पाण्याच्या टंचाईबद्दल भर वर्गात विचारू नका. पहिल्या दिवशी कागद वाटा आणि मार्क, माध्यम, बोर्ड न विचारता एवढंच विचारा: आजवर स्वतःच्या हातानं काय उघडलंय, जोडलंय, शिवलंय, मोजलंय, दुरुस्त केलंय? शिलाई मशिनचा दोरा, मिक्सरचा ब्रश, सायकलची चेन, बांधाचं भगदाड, काहीही. हे कागद फक्त तुम्ही वाचायचे. गट करताना ते कामी येतील.

गट चौघांचा, आणि तुम्ही केलेला. मुलांवर सोडलात तर एका हॉस्टेलचे एकत्र, एका क्लासचे एकत्र. मुली कमी असतील तर प्रत्येक गटात एक अशी वाटणी करू नका. एकटी मुलगी पडली की फाईल तिच्याकडे जाते. एका गटात दोघी ठेवा, काही गट फक्त मुलांचे राहिले तरी चालतील. हत्यार कुणाच्या हातात, मापं कोण घेणार, वहीत कोण लिहिणार, प्रश्न कोण विचारणार, हे दर आठवड्याला बदलायचं, आणि बदल भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलेला असायचा. ज्याला आधीपासून येतं त्यानं त्याची पाळी नसताना तोंडानं सांगायचं, हात लावायचा नाही. तुम्हाला सुरुवातीला हे पोलिसासारखं बघावं लागेल, महिनाभरानं मुलंच एकमेकांना टोकतात.

गटाचं सगळं काम प्रॅक्टिकलच्या दोन तासांतच बसवा. कॉलेज सुटल्यावर थांबून करा म्हटलं की कसारा-कर्जतची मुलं आपोआप गळतात, संध्याकाळी काम करणारीही गळतात. घरी लॅपटॉप असेलच असं धरू नका. सिम्युलेशन करून घ्यायचं असेल तर टिंकरकॅड ब्राउझरमध्येच चालतं, पण त्यासाठी कॉलेजची लॅब दुपारच्या सुट्टीत उघडी ठेवा.

आपल्याकडची आणखी एक अडचण परदेशातल्या कुठल्याच अभ्यासात सापडणार नाही. कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या, लांबतात. शेवटच्या फेरीतली, इन्स्टिट्यूट लेव्हलची मुलं येतात तोवर तुमचे पहिले चार आठवडे उलटून गेलेले असतात, आणि गृहीतं उघड करून सांगायचे आठवडे नेमके तेच. कुणी कास्ट व्हॅलिडिटीसाठी समितीच्या फेऱ्या मारत असतं, कुणी महाडीबीटीचा (शिष्यवृत्तीचा) फॉर्म दुरुस्त करत असतं. या गैरहजेरीला बेफिकिरी समजू नका. सुरुवातीची चारही प्रॅक्टिकल सप्टेंबरअखेर शनिवारी पुन्हा लावा आणि ज्या मुलांना ती चांगली जमली त्यांना शिकवायला बोलवा.

भाषेचं म्हणाल तर तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची संस्था एआयसीटीईनं २०२१ पासून मराठीसह अनेक भारतीय भाषांत इंजिनिअरिंग शिकवायला मोकळीक दिलीय. तुमचा वर्ग मिश्र आहे, तेव्हा लेक्चर इंग्रजीतच असू द्या. पण शंका आणि व्हायवा मराठीत, हिंदीत, जमेल त्या भाषेत होऊ द्या. स्ट्रेस, टॉर्क, करंट हे शब्द सगळ्यांचे तेच राहतात, भोवतालचं वाक्य कुठल्याही भाषेत असो.

लेव्हलची काळजी शेवटच्या परीक्षेनं मिटेल. प्रत्येकाला एकट्यानं उभं करा. त्याच्या समोर तुम्ही मुद्दाम बिघडवलेलं मॉडेल किंवा सर्किट ठेवा. बिघाड कुठे आहे ते मोजून शोधायचं, कागदावर हिशोब करायचा आणि तो बिघाडच आहे हे तुम्हाला पटवून द्यायचं. टर्मवर्कचे निम्मे मार्क यावर ठेवा. मागच्या वर्षीच्या पीपीटीपेक्षा हे कितीतरी अवघड आहे, आणि एचओडी सरांना परीक्षक म्हणून बोलावलंत तर त्यांना ते स्वतःच दिसेल.

ग्राफिक्सचा, म्हणजे इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा, विषय वेगळा शिक्षक घेत असेल, तरी त्यांच्या कानावर एक घाला. मिशिगन टेक विद्यापीठात शेरिल सॉर्बी यांनी १९९३ पासून वस्तू मनात फिरवून बघायची क्षमता शिकवायचा छोटा कोर्स चालवला. ठोकळे जोडायचे आणि ठिपक्यांच्या कागदावर हातानं रेखाटायचे. सुरुवातीच्या चाचणीत मागे पडलेली मुलं, विशेषतः मुली, त्यानंतर टिकून राहिल्या. प्रोजेक्शन 'दिसतं किंवा दिसत नाही' असं कुणी म्हणालं तर हे सांगा, आणि शीटला बसवण्याआधी बटाटा कापून त्याची तीन दृश्यं काढायला लावा.

खरेदीला पैसे मिळणार असतील तर किट घेऊ नका. दोघांत एक मल्टिमीटर, ब्रेडबोर्ड, स्टीलच्या पट्ट्या, दोन-तीन चांगले व्हर्निअर, ॲक्रिलिकचे तुकडे आणि डबे घ्या. तलावावर मुलांना एकदाच न नेता दोनदा न्या, एकदा भरतीला, एकदा ओहोटीला, आधी महापालिकेला पत्र देऊन. काठावरूनच दाखवा, चिखलात कुणाला उतरू देऊ नका. दुसरी भेट शेवटच्या फेरीचे प्रवेश पूर्ण झाल्यावरच ठेवा, म्हणजे उशिरा आलेल्यांनाही झडप उघडताना बघता येईल.